फोन, खुर्ची आणि ३ मीटर: प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

काम नक्की झालं. ज्येष्ठ माणसांची चाल आणि तोल साध्या मोबाइलने तपासायचा, आणि पडण्याचा धोका कोणाला जास्त आहे याचा अंदाज घ्यायचा. आम्ही तिघं आहोत. कोड माझ्याकडे, आकडेमोड एका मित्राकडे आणि तपासणीची सगळी बाजू फिजिओताईकडे. तिला सगळे याच नावाने हाक मारतात, म्हणून इथेही तेच.

सुरुवात ‘टाइम्ड अप अँड गो’पासून. पॉडसियाडलो आणि रिचर्डसन यांनी १९९१ मध्ये मांडलेली चाचणी. हात असलेल्या खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. नेहमीच्या वेगाने. काठी वापरत असाल तर काठीसकट. यापुढे टीयूजी.

मी सरळ विचारलं की एवढ्यासाठी फोन कशाला, स्टॉपवॉच आहे की. त्यावर ताईने दोन माणसं उभी केली, कागदावर. एका बाईंना उठायलाच ६ सेकंद लागतात, पुढचं सगळं ७ सेकंदांत होतं. दुसरे गृहस्थ झटकन उठतात, पण वळताना ५ सेकंद घुटमळतात. दोघांचे मिळून १३. स्टॉपवॉचला दोघं सारखेच. पहिलीच्या मांड्या अशक्त, दुसऱ्याचा तोल कच्चा, आणि दोघांना द्यायचे व्यायाम वेगळे. पटलं.

११ जानेवारी

किती सेकंदांच्या पुढे धोका? एक उत्तर सापडेल या भ्रमात होतो. अमेरिकेच्या सीडीसीचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेचा, पडणं टाळण्यासाठीचा ‘स्टेडी’ उपक्रम १२ सेकंद किंवा जास्त म्हणतो. शमवे-कुक आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या अभ्यासातून १३.५ आला. पडणं टाळण्याबद्दलच्या २०२२ च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत चालण्याचा वेग सेकंदाला ०.८ मीटर किंवा कमी हा निकष आहे, आणि त्याला पर्याय म्हणून टीयूजी १५ सेकंदांहून जास्त. म्हणजे १४ सेकंद घेणारा माणूस पहिल्या दोन रेघांच्या पलीकडे आणि तिसरीच्या अलीकडे.

वय वेगळंच. बोहॅनन यांनी २००६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेली सरासरी: साठीत ८.१ सेकंद, सत्तरीत ९.२, ऐंशीच्या पुढे ११.३. धडधाकट माणसालाही वयाबरोबर तीनेक सेकंद जास्त लागतात.

तूर्त १२ धरू. कोडमध्ये हा आकडा एकाच जागी ठेवला आहे, बदलावा लागणार असं आत्ताच वाटतंय.

१४ जानेवारी

आज अख्खा दिवस एका बगमागे गेला. मी स्वतः फोनचा पट्टा बांधून मुद्दाम रेंगाळत चाललो. स्टॉपवॉच १२.६, अ‍ॅप ११.८४. दुसऱ्या फोनवर तीच फेरी बरोबर.

कारण लाजिरवाणं निघालं. सेन्सरकडे मी सेकंदाला १०० नोंदी मागतो, आणि वेळ काढताना नोंदी मोजून १०० ने भागत होतो. स्वस्तातला फोन प्रत्यक्षात ९४ च देतो. १२.६ सेकंदांत ११८४ नोंदी, म्हणून ११.८४. मागितलेला दर ही फोनसाठी विनंती असते, हुकूम नव्हे. प्रत्येक नोंदीसोबत नॅनोसेकंदांतला वेळेचा शिक्का येतो, तोच वापरायला हवा होता. आता शिक्क्यांवरून वेळ काढतो आणि मधल्या फटी भरून सगळ्या नोंदी समान अंतरावर बसवतो.

आम्ही धरलेली मर्यादा १२ ची. म्हणजे याच एका चुकीने ‘धोका आहे’चं ‘धोका नाही’ झालं असतं, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नसतं. यापुढे नवा फोन आला की आधी टेबलावर १० मिनिटं ठेवून खरा दर मोजायचा.

१५ जानेवारी

अजून एक. स्क्रीन बंद झाली की नोंदी थांबतात. अँड्रॉइड ९ पासून पार्श्वभूमीत गेलेल्या अ‍ॅपला सेन्सर वाचू देत नाहीत. सूचनापट्टीत दिसणारी सेवा चालू ठेवून सुटलं. सुरुवातीची सूचना म्हणून दिलेली थरथर मात्र काढून टाकली. ती थरथर हालचाल मोजणाऱ्या अ‍ॅक्सेलरोमीटरलाही जाणवते, आणि आलेखाच्या आरंभी एक खोटा डोंगर उभा राहतो.

२० जानेवारी

फोन अंगावर कुठे? वाचलेल्या बहुतेक कामांत कमरेच्या मागे, माकडहाडाच्या जरा वर. शरीराचा गुरुत्वमध्य तिथून जवळ, म्हणून संकेत स्वच्छ मिळतो. आम्हीही तसाच पट्टा बांधला.

ताईने पहिल्याच फेरीत थांबवलं. टीयूजीची सुरुवात पाठ खुर्चीला टेकवून होते. मागे फोन असला की तो टोचतो, माणूस पुढे सरकून बसतो, आणि पुढे सरकून बसलेल्याला उठणं सोपं जातं. जे मोजायचं तेच आपण बदलून बसलो. खिशाचाही विचार केला, पण तिथे फोन मांडीबरोबर झुलतो आणि वळणं ओळखता येत नाहीत. शिवाय सगळ्यांच्या कपड्यांना खिसा असतो असंही नाही.

शेवटी कमरेच्या पट्ट्यात पुढे, जरा उजवीकडे. उठताना माणूस पुढे वाकतो तेव्हा पोट फोनला ढकलतं, संकेत थोडा मळतो. तेवढं सोसू.

२३ जानेवारी

आज पहिल्यांदा खरी माणसं. सगळ्यांना आधी समजावून सांगितलं, लेखी संमती घेतली. नाव कुठेच साठवत नाही, फक्त क्रमांक, आणि कच्च्या नोंदी फोनच्या बाहेर जात नाहीत.

अ‍ॅप आवाजात सांगत होतं, “तीन, दोन, एक, उठा!” पहिल्या आजी ‘एक’लाच अशा ताडकन उठल्या की ताईचा हात त्यांच्या दंडाला लागेपर्यंत माझा श्वास अडकला. आकडे उलटे मोजले की ती शर्यत होते. पडण्याचा धोका तपासणारं अ‍ॅपच कोणाला पाडणार होतं. आता वाक्य असं: “तयार असाल तेव्हा उठा, आणि रोजच्यासारखं चाला.”

शेवटी वाजणारा बीपही तिघांना ऐकूच आला नाही. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात, आणि मी नेमका तसाच बारीक, चिरका बीप निवडला होता. खालच्या पट्टीतला घेतला.

नियम लिहून ठेवतो. खुर्चीला चाकं नकोत, ती भिंतीला टेकलेली हवी. सोबतचा माणूस शेजारी, अर्धं पाऊल मागे. एका पायावर उभं राहण्यासारख्या तोलाच्या चाचण्या एकट्याने करायच्या नाहीत, आणि अ‍ॅपने तसं सुचवायचंही नाही. चाचणीआधी ‘सोबत कोणी आहे का?’ हा प्रश्न येतो. ‘नाही’ म्हटलं की चाचणी उघडतच नाही.

२९ जानेवारी

स्टॉपवॉच आणि अ‍ॅप समोरासमोर. मित्राने ठिपके मांडले, जवळपास सरळ रेघ आली. मी खूश. तो नाही. त्याने दोन्हींमधला फरक दर फेरीला वेगळा काढून त्याचा आलेख केला. ब्लंड आणि ऑल्टमन यांची १९८६ पासून प्रसिद्ध असलेली पद्धत ती हीच. दिसलं ते असं की अ‍ॅप प्रत्येक वेळी अर्धा ते एक सेकंद कमी दाखवतंय. दोन घड्याळं एकमेकांशी छान जुळून चालू शकतात आणि तरी एक कायम मागे असू शकतं.

कारण माणसात आहे. ताई स्टॉपवॉच ‘उठा’ म्हटल्यावर दाबते, अ‍ॅपचं घड्याळ माणसाचं धड हललं की सुरू होतं. मधला वेळ ऐकण्याचा, समजण्याचा, हात खुर्चीवर टेकवण्याचा. एका आजोबांनी तेवढ्यात चष्माही सारखा केला. जुन्या मर्यादा सगळ्या ‘उठा’पासूनच्या आहेत, तेव्हा तुलनेसाठी तीच वेळ घ्यायला हवी. आम्ही दोन्ही ठेवल्या. ऐकल्यापासून हलेपर्यंतचा वेळ वेगळा दाखवला तर तोही काही सांगेल, असं ताईला वाटतं.

४ फेब्रुवारी

वळण सापडलं! जायरोस्कोप म्हणजे फोनमधला फिरणं मोजणारा सेन्सर. त्याने दिलेली फिरण्याची गती गुरुत्वाकर्षणाच्या दिशेभोवती मोजायची आणि बेरीज करत जायची. बेरीज १८० अंशांच्या आसपास गेली की एक वळण पूर्ण. टीयूजीत अशी दोन वळणं, एक ३ मीटरवर आणि दुसरं बसण्याआधी. जायरोस्कोपची बेरीज हळूहळू भरकटते, पण दोन-चार सेकंदांत ती भरकट नगण्य.

पहिल्या वळणाआधी आणि नंतर आलेखात पावलांची टोकं छान दिसतात. वळणाच्या आत काही जणांची टोकं बारीक आणि दाट. आजी क्रमांक ४ यांची एका वळणात ७ पावलं. व्हिडिओ लावून पाहिला. पाय उचलतच नाहीत, जागच्या जागी सरकवत घड्याळाच्या काट्यासारख्या फिरतात. एकूण वेळ १३.९, त्यातला मोठा वाटा या वळणाचा.

ताईने वळणाचा एवढा आग्रह का धरला ते आज कळलं. सरळ चालताना अडखळलेला माणूस बरेचदा पुढे पडतो आणि हात टेकवतो. वळताना गेलेला तोल माणसाला कुशीवर आपटतो, थेट खुब्यावर. खुब्याचं हाड मोडण्यात अशा आडव्या पडण्याचा हात मोठा.

९ फेब्रुवारी

आजोबा क्रमांक ९. टीयूजी ९.८ सेकंद. उठणं उत्तम, वळण ४ पावलांत, बसणं सावकाश. अ‍ॅपने हिरवा गोल, म्हणजे धोका कमी, दाखवला. आजोबा हसले आणि म्हणाले, “हिरवा? या वर्षात दोनदा आपटलोय मी.”

दोन्ही वेळा रात्री, अंथरुणातून उठून चार पावलं गेल्यावर. ताईने त्यांना आडवं झोपवून रक्तदाब घेतला, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० हून जास्त उतरला. उभं राहिल्यावर ३ मिनिटांत वरचा २० किंवा खालचा १० उतरला तर ते वैद्यकीय भाषेत नोंदवण्याजोगं असतं. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि झोपेची गोळी दोन्ही डॉक्टरांना दाखवायला सांगितलं.

कमरेवरच्या फोनला यातलं काय कळणार होतं? दुपारचा उजेड, सपाट जमीन, आजूबाजूला तीन माणसं, आणि आजोबा शाळेत परीक्षा द्यावी तसे ताठ चाललेले.

१० फेब्रुवारी

रात्री झोप नाही, म्हणून मित्राबरोबर गणित मांडलं.

बॅरी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये टीयूजीवरचे अभ्यास एकत्र तपासले. स्वतःच्या घरी राहणाऱ्या ज्येष्ठांमध्ये १३.५ सेकंदांची मर्यादा लावली, तर पुढे पडणाऱ्यांपैकी ३१ टक्केच पकडले जातात, आणि न पडणाऱ्यांपैकी ७४ टक्के बरोबर सुटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पासष्टीपुढच्यांपैकी वर्षाला २८ ते ३५ टक्के पडतात. सोयीसाठी ३० धरू.

१०० माणसं घ्या. ३० पडणार, त्यांतल्या ९ जणांना अ‍ॅप लाल दाखवेल. ७० पडणार नाहीत, त्यांतल्या १८ जणांनाही लालच. म्हणजे लाल गोल २७ जणांना, त्यांतले पडणार ९. तिघांत एक. आता हिरवे ७३, त्यांतले पडणार २१. म्हणजे १०० मध्ये २९.

लालमध्ये ३३, हिरव्यात २९. एवढ्या चार टक्क्यांसाठी आम्ही रंग भरत बसलो होतो.

१३.५ ज्या अभ्यासातून आला त्यात ८७ टक्के लोक बरोबर ओळखले गेले होते, हे खरं. पण तिथे एकूण माणसं ३०, निम्मी आधीच वारंवार पडलेली आणि निम्मी न पडलेली. कोण पडला होता हे मागे वळून ओळखणं आणि कोण पडेल हे पुढे पाहून सांगणं यांत केवढी दरी आहे ते या दोन आकड्यांत दिसतं. चाचणी वाईट नाही. हालचाल कशी आहे हे ती चांगलंच सांगते. भविष्य आम्ही तिच्या तोंडी घालत होतो.

१२ फेब्रुवारी

बैठक तापली. हे काम ज्यांनी दिलंय त्यांना टक्के हवेत. ‘तुमचा धोका ४२ टक्के’ असं काहीतरी मोठ्या अक्षरांत. लोकांना समजतं, म्हणे. मी म्हटलं, समजतं म्हणूनच भीती वाटते. हिरवा दिसलेले आजोबा रक्तदाब तपासायला गेलेच नसते. आणि लाल दिसलेली आजी चालणंच कमी करील. चालणं कमी झालं की पाय आणखी अशक्त होतील.

टक्के गेले, रंगही गेले. मला हलकं वाटलं, त्यांना नाही.

१९ फेब्रुवारी

चाचणीआधी आता तीन प्रश्न येतात, जागतिक सूचनांतलेच. गेल्या वर्षभरात पडलात का? उभं राहताना किंवा चालताना अस्थिर वाटतं का? पडण्याची काळजी वाटते का? एकालाही ‘हो’ असेल तर टीयूजी कितीही चांगली येवो, पान ‘प्रत्यक्ष तपासणी करून घ्या’ असंच सांगणार. आजोबा क्रमांक ९ पहिल्याच प्रश्नात सापडले असते, सेन्सरशिवाय.

‘पडलात का?’ला पुष्कळ जण ‘नाही’ म्हणतात. पडणं म्हणजे हाड मोडणं, अशी अनेकांची समजूत. आता शब्द असे: “गेल्या वर्षभरात कधी घसरून, अडखळून किंवा तोल जाऊन जमिनीवर आलात का? लागलं नसलं तरी सांगा.” दोन ‘नाही’ लगेच ‘हो’ झाली.

३० सेकंदांची उठबसही जोडली. हात छातीवर घडी, जितक्या वेळा पूर्ण उभं राहता येईल तितक्या वेळा. हात टेकला तर गुण शून्य. ७० ते ७४ वयात बाईंच्या १० पेक्षा कमी आणि पुरुषांच्या १२ पेक्षा कमी झाल्या तर स्टेडीच्या तक्त्यात त्या सरासरीखाली. फोन ही मोजणी झकास करतो. अर्धवट उठणंही पकडतो, पण हात टेकलेला त्याला कळत नाही. त्यासाठी सोबतच्या माणसाला शेवटी विचारतो.

२६ फेब्रुवारी

स्वीडनच्या लुंडिन-ओल्सन आणि सहकाऱ्यांचं १९९७ चं छोटंसं निरीक्षण ताईच्या आवडीचं. चालता चालता गप्पा सुरू केल्या की काही जण बोलण्यासाठी थांबतात. ५८ पैकी १२ थांबले, आणि त्या १२ पैकी १० जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. काही उपकरण नाही, फक्त शेजारी चालणं आणि बोलणं.

म्हणून दुसरी फेरी आकडे तीन-तीनने उलटे मोजत घेतली. आजी क्रमांक ४ पहिल्याच आकड्याला थांबल्या, “सत्त्याण्णव” म्हणाल्या आणि मग वळल्या. अ‍ॅपने त्या थांबण्याला ‘चाचणी संपली’ समजून नोंद बंद केली. हवं होतं तेच नेमकं फेकून दिलं. दुरुस्त केलं. आता चाचणी फक्त बसल्यावर संपते.

५ मार्च

वॉकरवाल्यांचा डेटा कचरा. वॉकर उचलून टेकवताना बसणारा धक्का पाऊल म्हणून मोजला जातो. कमरेच्या वरखाली होण्यावरून पावलाची लांबी काढण्याचं सूत्रही मोडतं, कारण ते शरीराला उलट्या लंबकासारखं धरतं, आणि इथे लंबकाचा भार हातांवर गेलेला असतो. जुळवाजुळव करत बसलो नाही. ‘वॉकर वापरता का?’ला ‘हो’ आलं की फक्त एकूण वेळ, उठणं आणि वळण दाखवतो. पावलं नाहीत.

११ मार्च

एकाच माणसाची एकाच दिवशी तीनदा. पहिली फेरी जवळपास सगळ्यांचीच संथ, दुसरीत सरावल्यासारखी चाल. मूळ चाचणीत आधी एक सरावाची फेरी असते, आम्ही वेळ वाचवायला ती गाळली होती. परत आणली.

सकाळ-संध्याकाळचाही फरक आहे. नेहमीची जोडी विसरून सैल चपला घातल्या तरी दिसतो. तेव्हा हा फरक ओलांडेल तेवढाच बदल ‘बदल’ म्हणून दाखवायचा. तुलना माणसाची त्याच्याच मागच्या नोंदींशी.

१८ मार्च

अहवालाचं पान लिहिलं. वर कोणताही मोठा आकडा नाही. ओळी अशा: ‘उठायला मागच्या वेळेइतकाच वेळ लागला.’ ‘वळताना पावलं वाढली.’ ‘बोलताना चालणं थांबलं.’ खाली तपासणाऱ्यासाठी सेकंद, आलेख आणि स्टेडीच्या मर्यादा.

ताईने एकच भर घातली, आणि ती सगळ्यात महत्त्वाची: पुढे काय? शेरिंग्टन आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या कोक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचं दिसतं. त्यात तोलाच्या आणि रोजच्या हालचालींवर आधारलेल्या व्यायामांचा वाटा मोठा. म्हणून प्रत्येक ओळीसमोर ‘हे कोणाला दाखवायचं’ ते लिहिलं. उठणं आणि वळण फिजिओकडे, रात्रीचं पडणं आणि औषधं डॉक्टरांकडे, धूसर दिसणं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. अंधारी पायवाट आणि सरकणारं पायपुसणं घरच्यांकडे.

अक्षरं दुप्पट मोठी केली. बटणंही. कोरड्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही, मग लोक जोरात आणि लांब दाबतात, आणि फोन त्याचा वेगळाच अर्थ काढतो. लांब दाबण्याला आता काहीच अर्थ ठेवलेला नाही.

२४ मार्च

आजी क्रमांक ४ परत आल्या, सहा आठवडे ताईचे व्यायाम करून. टीयूजी १३.६. आधीची १३.९. एवढा फरक चपलेनेही पडतो, म्हणून अ‍ॅपने ‘एकूण वेळेत बदल नाही’ लिहिलं. वळण ७ पावलांवरून ४ वर. पाय उचलून वळल्या, व्हिडिओतही दिसतं. पण वळणात वाचलेला वेळ गेला कुठे? बसण्यात. आधी त्या शेवटी खुर्चीत धपकन पडायच्या, आता हात टेकवून, सावकाश बसतात.

“मग पास का?” त्यांनी विचारलं. ताईने पट्टा सोडता सोडता उलट विचारलं, “या आठवड्यात कुठे अडखळलात?” एकदा, दारातल्या उंबऱ्याला. ते मी हाताने नोंदवलं, अ‍ॅपमध्ये त्यासाठी जागाच नव्हती.

उद्या: ‘कुठे आणि कसं अडखळलात’ ही मोकळी चौकट, बोलून भरता येईल अशी. आणि ९४ वाल्या फोनची बॅटरी फुगल्यासारखी दिसतेय, तो आधी बाजूला ठेवायचा.